दोन वर्षं

आमच्या घरच्या ग्रुपवर लहान मुलाच्या अपघाती मृत्यूची बातमी आली, की पाच मिनिटांत कुणीतरी लिहितंच, "असल्यांना फाशीच दिली पाहिजे." मग त्याखाली जोडलेले हात, रडके चेहरे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुप्रभात. मी थट्टा करत नाहीये. राग खराच असतो. तान्हं पोर गेल्याचं वाचून ज्याच्या पोटात कालवत नाही तो माणूस कसला? पण एकदा धाकट्या मामेभावाने सरळ विचारलं, "ताई, कायद्यात शिक्षा आहे तरी किती?" मी वकील नाही. पण आजोबा कोर्टात शिरस्तेदार होते, त्यांची जुनी पुस्तकं घरात आहेत, आणि इतिहासात डोकं घालायची मला खोड आहे. शोधत बसले. त्यातून हा लेख झाला. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मामेभावाला द्यायचं उत्तर खरं तर एका ओळीचं होतं. हयगयीने कुणाचा जीव घेतला तर ३० जून २०२४ पर्यंत जास्तीत जास्त शिक्षा होती दोन वर्षं. किंवा नुसता दंड. किंवा दोन्ही. मेलेला माणूस ऐंशी वर्षांचा आहे की आठ दिवसांचा, याने त्यात काही फरक पडत नव्हता.

आता ही दोन वर्षं आली कुठून? मला वाटलं होतं की स्वातंत्र्यानंतर कधीतरी कुठल्यातरी समितीने ठरवली असतील. नाही! हा आकडा मेकॉलेचा आहे. हो, तोच, ज्याचं नाव काढलं की आपल्याला कारकून घडवणारं शिक्षण आठवतं. १८३७ साली त्याच्या आयोगाने हिंदुस्थानासाठी दंडविधानाचा मसुदा केला. बाकीचे सभासद आजारी पडत होते, त्यामुळे बरंचसं काम मेकॉलेनेच ओढलं. त्या मसुद्यात एक कलम होतं. मानवी जिवाची पर्वा नाही असं दिसावं इतक्या बेदरकारपणे किंवा हयगयीने, काही करून अथवा करायचं ते न करून, कुणी मृत्यूला कारण झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद. हे "करायचं ते न करून" फार महत्त्वाचं आहे, कारण लहान मुलं बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी न केल्यामुळेच मरतात. दार उघडलं नाही, खड्डा बुजवला नाही, तपासणी केली नाही.

मसुद्याला जोडलेल्या टिपांमध्ये मेकॉलेने यावर मोठी मजेशीर (मजेशीर हा शब्द चुकीचा, पण दुसरा सुचत नाही) चर्चा केली आहे. एकाने दुसऱ्याला अन्न दिलं नाही आणि दुसरा मेला. पहिला दोषी का? मरणारं त्याचं स्वतःचं मूल असेल, तर हो. तो तुरुंगाधिकारी असेल आणि मरणारा कैदी, तर हो. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला भरवायला पगारावर ठेवलेली बाई असेल, तर हो. पण दारात आलेल्या भिकाऱ्याला हाकलून देणारा श्रीमंत? तो कितीही वाईट माणूस असला तरी कायद्याच्या लेखी गुन्हेगार नाही. म्हणजे जबाबदारी कुणाची, तर ज्याला ते काम नेमून दिलं आहे त्याची. ऐकायला अगदी रास्त वाटतं. ही पगारावरची बाई लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

पुढे गंमत अशी झाली की मसुदा तेवीस वर्षं पडून राहिला आणि १८६० मध्ये कायदा झाला तेव्हा हे कलम त्यात नव्हतंच. खून होता, सदोष मनुष्यवध होता, पण निव्वळ हयगयीने झालेल्या मृत्यूला जागा नव्हती. दहा वर्षांनी, १८७० च्या दुरुस्तीत, ३०४ च्या शेपटाला "अ" जोडून ते आत आलं. तेच कलम ३०४-अ. "मानवी जिवाची पर्वा नाही असं दिसावं" हे शब्द तेवढे गेले, आकडा राहिला.

त्याच १८६० च्या कायद्यात आणखी एक कलम होतं, ३१७. बारा वर्षांखालच्या मुलाला आईबापाने किंवा सांभाळणाऱ्याने उघड्यावर टाकून दिलं तर सात वर्षांपर्यंत कैद. मूल जगलं तरीसुद्धा. मेलं तर वेगळा खटला. म्हणजे टाकणाऱ्या आईला सात आणि बेदरकार गाडीवानाला दोन. मूल टाकणाऱ्या बायका कोण असायच्या हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच बायकांसाठी. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली, आणि त्यावरच्या चर्चेने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. तो प्रकार हेतुपुरस्सर मारण्याचा, हयगयीचा नव्हे, म्हणून इथे थांबते. पण मुलाच्या मरणाचा विषय निघाला की कायद्याची नजर आधी आईकडे वळायची, एवढं नोंदवून ठेवते.

आता फुलमणी. या नावापाशी मला जरा थांबायचं आहे.

फुलमणी दासी बंगालमधली मुलगी. वय दहा-अकरा. नवरा हरिमोहन मैती, तिशी ओलांडलेला. १८९० मध्ये नवऱ्याने केलेल्या संभोगात रक्तस्राव होऊन ती मेली. तेव्हाच्या कायद्यात पत्नी दहा वर्षांची पूर्ण असली की तो बलात्कार ठरत नव्हता, आणि फुलमणीने दहावं ओलांडलं होतं. त्यामुळे बलात्काराचा प्रश्नच मिटला. मग लावायचं काय? सदोष मनुष्यवध, आपलं ३०४-अ, जबर दुखापत, आणि चौथं ३३८, म्हणजे हयगयीने जबर दुखापत. कलकत्त्याला न्यायमूर्ती विल्सन यांच्यापुढे ज्यूरी बसली. पहिल्या तिन्हीतून हरिमोहन सुटला. चौथ्यात दोषी ठरला. एक वर्ष सक्तमजुरी.

मी हे वाचलं तेव्हा पुन्हा एकदा मागे जाऊन वाचलं. मुलगी मेली आहे. मृत्यूबद्दल कुणीच दोषी नाही. दुखापतीबद्दल एक वर्ष.

आज असं काही घडलं असतं तर काय झालं असतं सांगा. आपण सगळ्यांनी म्हटलं असतं, शिक्षा वाढवा. तेव्हा मात्र बेहरामजी मलबारींसारख्या सुधारकांनी रेटा लावला तो वेगळ्या जागी. मागणी आधीपासूनची होती, फुलमणीच्या मरणाने तिला धार आली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडलं आणि मार्चमध्ये ते मंजूर झालं. संमतिवय दहाचं बारा झालं. हयगयीच्या कलमांना कुणी हात लावला नाही. रेघ सरकवली, दोन वर्षांनी.

त्या दोन वर्षांवरून पुण्यात काय रणकंदन झालं ते आपण शाळेत शिकलोय. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळकांचा विरोध, 'सुधारका'तून आगरकरांचा तडाखा, भांडारकरांनी शास्त्राधार काढून विधेयकाच्या बाजूने दिलेली साक्ष. शाळेत आम्हाला हे "टिळक-आगरकर मतभेद" या मथळ्याखाली पाच मार्कांना होतं. फुलमणीचं नाव त्यात नव्हतं. एका मुलीच्या जिवावर उठलेला वाद दोन मोठ्या माणसांच्या मैत्रीची गोष्ट होऊन बसला. असो.

मला इथे जे दिसलं ते असं. शिक्षा ही मेल्यानंतरची गोष्ट. बारा वर्षांची रेघ मेल्याच्या आधीची. रेघ अपुरी होती, पाळली जात नव्हती, सगळं मान्य. पण ती पुढच्या मुलीसाठी होती.

हे एका बाजूला ठेवून थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. (विषयांतर वाटेल, पण नाही.) १९३७ मध्ये टेनेसी राज्यातल्या एका औषध कंपनीने सल्फानिलामाइडचं गोड, पातळ औषध बाजारात आणलं. गोळी गिळता न येणाऱ्यांसाठी, म्हणजे अर्थात मुलांसाठीही. औषध विरघळवायला वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल. गोडसर, स्वस्त, आणि मूत्रपिंडं निकामी करणारं विष. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात ३४ मुलं. कंपनीवर खटला कशाबद्दल झाला? तर बाटलीवर "एलिक्झिर" लिहिलं होतं आणि त्या शब्दाचा अर्थ मद्यार्कयुक्त औषध असा होतो, आणि यात मद्यार्क नव्हता! चुकीचं लेबल. दंड २६,१०० डॉलर. औषध विकण्याआधी ते निर्धोक आहे हे सिद्ध करा, असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता. १९३८ मध्ये तो झाला. पुन्हा तीच गोष्ट, मुलं गेल्यावर ओढलेली रेघ.

आपल्याकडे मधली वर्षं पटकन सांगते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी ३०४-अ चा अर्थ आणखी अरुंद केला. आरोपीची हयगय हे मृत्यूचं थेट, लगतचं कारण असलं पाहिजे, लांबच्या साखळीतली एक कडी असून भागणार नाही. तत्त्व म्हणून यात चूक काढता येत नाही. परिणाम मात्र असा की जो शेवटी हात लावतो तो सापडतो, आणि ज्याने पाच वर्षांपूर्वी पैसे वाचवले तो कडीच्या पलीकडे राहतो. १९७१ मध्ये विधी आयोगाने आपल्या ४२ व्या अहवालात दोनची पाच वर्षं करा म्हणून सुचवलं. त्यावर आधारलेलं विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं. मग लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडालं. दोन ते दोनच.

भोपाळ सगळ्यांना माहीत आहे. मातीत पुरलं जाणारं तान्हं बाळ, फक्त चेहरा वर, असा रघू राय यांनी काढलेला फोटो एकदा पाहिला की विसरता येत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप सदोष मनुष्यवधावरून ३०४-अ वर आणला, आणि जून २०१० मध्ये सात आरोपींना शिक्षा झाली. किती, ते आता तुम्हीच सांगाल. मेकॉलेने कलकत्त्यात बसून लिहिलेला आकडा.

पण मुलांबद्दल बोलायचं तर कुंभकोणमचं बोललं पाहिजे. १६ जुलै २००४, शुक्रवार. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला एकाच इमारतीत तीन शाळा चालायच्या. खाली माध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक, वरच्या मजल्यावर प्राथमिकचे वर्ग, त्यांवर झावळ्यांचं छप्पर. बाहेर पडायला अरुंद जिना. चुलीची आग छपराला लागली, जळतं छप्पर मुलांवर कोसळलं. ९४ मुलं गेली. याआधी डिसेंबर १९९५ मध्ये हरियाणातल्या डबवालीला शाळेच्या कार्यक्रमाच्या मांडवाला आग लागून ४४२ माणसं मेली होती, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. तेव्हा काही शिकलो असतो तर... पण ते राहू दे.

कुंभकोणमच्या खटल्यात सरकारी बाजू दोन वर्षांवर थांबली नाही. सदोष मनुष्यवध लावला गेला. तंजावरच्या न्यायालयाने निकाल द्यायला २०१४ चा जुलै उजाडला. दहा वर्षं. वरच्या मजल्यावरच्या वर्गात जी मुलं वाचली होती ती तोवर कॉलेजात गेली होती. शाळेच्या संस्थापकाला जन्मठेप झाली. दोषींत काही शिक्षणाधिकारी होते, आणि होती माध्यान्ह भोजनाची स्वयंपाकीण. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने जन्मठेप रद्द करून भोगून झालेली शिक्षा पुरेशी मानली. स्वयंपाकिणीचंही तसंच. अधिकारी सुटले.

मी या निकालावर चिडले होते, अजूनही थोडी चिडलेली आहे. पण नीट विचार केला तर चीड जन्मठेप गेल्याची नाही. ते छप्पर मंजूर कुणी केलं, तपासणीला कोण आलं होतं, एका इमारतीत तीन शाळांना परवानगी कुणाच्या सहीने मिळाली, या साखळीतली माणसं कडीच्या पलीकडे गेली आणि चुलीपाशी उभी असलेली बाई कडीच्या अलीकडे राहिली, याची आहे. छपराचं म्हणाल तर तमिळनाडूत शाळांवरची झावळ्यांची छपरं उतरवली गेली. आणि एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आला असं सांगून, देशभरच्या शाळांना आगीपासून सुरक्षेचे नियम घालून दिले. त्या निकालाला कुंभकोणमची पार्श्वभूमी आहे. वर्तमानपत्रांनी जन्मठेपेला पहिलं पान दिलं. २००९ चा निकाल मला तरी आतल्या पानावर वाचल्याचं आठवत नाही.

आता आपल्या घराजवळ येते. ९ जानेवारी २०२१, पहाटे दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचं निलंबन झालं. फेब्रुवारीत गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. आणि दोन वर्षांचं कलम नव्हे, सदोष मनुष्यवध.

त्या दिवशी ग्रुपवर "फाशी द्या" आलंच. आणि पहिल्यांदाच माझी मावशी मध्ये बोलली. मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, अठ्ठावीस वर्षं, त्यातली बरीच बाळांच्या वॉर्डात. (दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही.) ती एरवी ग्रुपवर फक्त वाढदिवसाला केकचं चित्र टाकते. तिने लिहिलं, "नाइटला दोघी असायचो आणि बाळं वीसच्या वर. एक दूध पाजायला आणायला गेली की एकटी." मी लगेच फोन केला. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे कपाटामागच्या प्लगमधून जळका वास यायचा. मी रजिस्टरात तीनदा लिहिलं. वायरमन आला, चिकटपट्टी लावून गेला. चौथ्यांदा लिहायला इनचार्ज सिस्टर नको म्हणाल्या, सारखं सारखं लिहिलं की वरचे चिडतात." मग थोडं थांबून म्हणाली, "काही झालं असतं तर रजिस्टर दाखवून सुटले असते, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, रजिस्टर त्याच कपाटात होतं."

भंडाऱ्याच्या परिचारिकांनी काय केलं, काय नाही, हे न्यायालय ठरवेल, माझं ते काम नाही. त्या निर्दोषच आहेत असं मावशीही म्हणाली नाही. ती म्हणाली, "ड्यूटीवर असून जागेवर नसेल तर चूकच. पण आधी तिलाच का?" मला मेकॉलेची ती पगारावरची बाई आठवली. नेमून दिलेलं काम न करणारी. कायद्याला ती दिसते, कारण तिचं नाव ड्यूटीच्या पाटीवर असतं. कक्षात एकाच वेळी सतरा बाळं आणि किती माणसं असावीत हे ठरवणाऱ्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं.

आता शिक्षा वाढल्याची गोष्ट. मोटार अपघातांच्या निमित्ताने न्यायालयं बरीच वर्षं म्हणत होती की दोन वर्षं फार कमी आहेत. २०१५ मध्ये पंजाबातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदे करणाऱ्यांना हे कलम पुन्हा तपासा असं स्पष्टच सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय न्याय संहितेचा पहिला मसुदा आला त्यात सात वर्षं होती. अखेरीस पाच झाली. १ जुलै २०२४ पासून कलम १०६. मेकॉलेचा आकडा १८७ वर्षांनी पुसला गेला. आणखी एक बदल झाला, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी "कैद किंवा दंड" होतं, आता "कैद आणि दंड" आहे. पैसे भरून मोकळं होता येत नाही. मला हा बदल पाच वर्षांपेक्षाही मोलाचा वाटतो.

त्याच कलमाचा दुसरा भाग होता, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षं. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर आपण सगळे रांगेत उभे होतो, आठवतंय? सरकारने तो भाग अंमलात आणणं थांबवलं. आणि डॉक्टरांना उपचार करताना झालेल्या मृत्यूसाठी पाच नव्हे, दोनच वर्षं ठेवली. सवलत कुणाला, तर ज्याचं नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे त्याला. म्हणजे डॉक्टरला दोन. नर्सला पाच. मावशीला हे फोनवर वाचून दाखवलं, तर ती हसली, "बरं झालं बाई रिटायर झाले."

मला हे म्हणायचं नाही की शिक्षा वाढवू नये. वाढवायलाच हवी होती, फार उशीर झाला. ज्या आईबापांचं मूल गेलं त्यांना दोन वर्षांचा आणि दंडाचा हिशोब ऐकवणं ही क्रूर थट्टा होती. इंग्लंडमध्ये तर मुलांसाठी वेगळंच कलम आहे. तिथे २००४ च्या कायद्याने, घरातल्या मोठ्या माणसाने मुलाचा मृत्यू घडवला किंवा धोका कळायला हवा असताना घडू दिला, तर चौदा वर्षांपर्यंत कैद ठरवली. घरात दोघंच असतात, दोघंही म्हणतात मी नाही, आणि मूल सांगायला नसतं, या अडचणीवरचा तो तोडगा होता. २०२२ मध्ये ती कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. आपल्याकडे मात्र मुलाच्या वयाचा विचार अजूनही या कलमात कुठे नाही.

पण शिक्षा वाढवून काय होतं आणि काय होत नाही याचं एक उदाहरण आपल्याकडे हाताशी आहे. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने बनावट औषधं करणाऱ्यांना फाशीची शिफारस केली होती. फाशी आली नाही, पण २००८ च्या दुरुस्तीने, भेसळीच्या औषधाने जीव गेल्यास किमान दहा वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप झाली. हा नियम २००९ पासून लागू आहे. म्हणजे मामेभावाला जी कडक शिक्षा हवी होती, ती औषधांच्या बाबतीत कधीचीच पुस्तकात आहे.

त्यानंतर २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूजवळ रामनगरला खोकल्याच्या औषधाने मुलं मेली. २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर मुलं गेली, औषध भारतातून गेलेलं असल्याचा आरोप झाला. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे, परासियाच्या परिसरात वीसपेक्षा जास्त मुलं. बहुतेक पाच वर्षांखालची. आधी सर्दीताप, मग लघवी बंद. त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती, आपल्याच दवाखान्यांत. औषधात सापडलं ते तेच, डायएथिलीन ग्लायकॉल, १९३७ वालं. चालतं ०.१ टक्का. तमिळनाडूच्या तपासणीत निघालं ४८.६ टक्के. बाटलीत जवळजवळ निम्मं विष.

हे शोधायला काही मोठी विद्या लागत नाही. कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप वापरण्याआधी तपासायचा, एवढंच. त्या तपासणीचा कागद कारखान्याच्या फाइलमध्ये असायला हवा, आणि तो आहे का हे पाहायला निरीक्षकाने तिथे जायला हवं.

परासियात पहिली अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना. कारखान्याच्या मालकाला पोलिसांनी चेन्नईत पकडलं, त्यानंतर काही दिवसांनी.